पंचवीस काड्यांचा गठ्ठा

यादीत पाच नावं होती. पहिलं श्रावणीचं. सुबोध सरांनी कागद माझ्या टेबलावर ठेवला, वर ठेवायला काही मिळेना म्हणून माझाच चष्म्याचा डबा त्यावर ठेवला.

"बाई, उद्या शनिवार. साडेअकराला यादी केंद्रशाळेत द्यायची आहे. तुमची सही तेवढी राहिलीय."

सुबोध सर आमचे मुख्याध्यापक. दोन वर्षांनी निवृत्त होतील. त्यांचा आवाज कधी चढत नाही, आणि त्यामुळे त्यांना नाही म्हणणं अवघड जातं.

त्या यादीला सरकारी नाव लांबलचक होतं. शिक्षकांच्या खोलीत आम्ही तिला 'मागची यादी' म्हणायचो. शाळेच्या मागं पत्र्याची शेड आहे, यादीतली मुलं तिथं बसतात. कागदावर तिथं विशेष वर्ग भरतो. शिकवायला एक बाई मानधनावर येतात, येतील त्या दिवशी. मुलांची मोठ्या हॉस्पिटलात तपासणी व्हायची असते; तिची तारीख मिळेपर्यंत वर्ष सरतं. तेवीस वर्षं मी या शाळेत आहे. शेडमध्ये गेलेलं मूल पुन्हा वर्गात आलेलं मी पाहिलेलं नाही. चौथीच्या सुमाराला ती शाळेत येणंच थांबवतात.

श्रावणी माझ्या दुसरीच्या वर्गातली. सात वर्षांची. तिच्या नावापुढं लिहिलं होतं : 'गणित शून्य. गठ्ठे करण्याची संकल्पना नाही. सूचना समजत नाहीत. बोलत नाही.' अक्षर माझं होतं.

"आई-वडलांची संमती?" मी विचारलं.

"आजी आली होती परवा. केलीय सही. मी सांगितलं, फायदा मिळतो म्हणून."

पलीकडं मालतीबाई डबा धूत होत्या. त्या म्हणाल्या, "बिडीवाल्यांच्या घरी कोण अभ्यास घेणार ओ? पोरं येतात ती दुपारच्या खिचडीला. त्यात घरी सगळा तेलुगूचा कारभार. आपण तरी किती करायचं?"

मालतीबाई वाईट नाहीत. माझी आई गेली तेव्हा माझा वर्ग त्यांनी आठवडाभर सांभाळला, कुणी न सांगता.

सर दारापर्यंत जाऊन परत वळले. "आणि बाई, स्टोअररूम रिकामी करायची आहे. कॉम्प्युटर येणारेत. तुमच्या आईंची पेटी आहे तिथं. तेवढी घेऊन जा."

*

आईला आम्ही अव्वा म्हणायचो. तिचं नाव गौरम्मा. घरी कन्नड, शाळेत मराठी, आणि पहिली-दुसरीच्या वर्गात बत्तीस वर्षं राहून अंगवळणी पडलेलं तेलुगू. ती गेल्याला त्या दिवशी सव्वा महिना झाला होता. आम्हा लिंगायतांत जाळत नाहीत, बसवून माती देतात. तळहातावर लिंग ठेवून तिला बसवलं, तेव्हा मला वाटलं होतं की आता ती मान वर करून विचारेल, पाठ ताठ आहे ना माझी? वर्गात मुलांना ती तसंच बसवायची.

नऊ दिवसांनी मी शाळेत हजर झाले. घरी तिचा कंगवा होता, तिच्या गोळ्यांची पाकिटं होती, घरी बसवत नव्हतं. त्याच दिवशी वर्गाची चाचणी होती. मी ती घेतली.

शाळा सुटल्यावर शिपाई भिमामामांनी पेटी वर्गात आणून ठेवली. पत्र्याची, हिरवा रंग उडालेली.

"लई जड न्हाय," ते म्हणाले. "काटक्याच हायत सगळ्या. सर म्हणले टाकून दे. म्या म्हणलं, न्हाय, लेकीला इचारल्याबिगर न्हाय."

ते गेले. मी बराच वेळ पेटीकडं पाहत बसले. आत काय आहे ते मला माहीत होतं, कारण ती भरायला मीच लावली होती. अव्वा निवृत्त झाली तेव्हा तिचा वर्ग मला मिळाला. त्याच वर्षी नवं गणिताचं किट आलं होतं, रंगीत प्लास्टिकचं, दहा-दहाच्या दांड्यांचं. मी म्हणाले होते, "अव्वा, आता किट आलंय. तुझ्या काटक्यांनी नुसता पसारा होतो." तिनं वाद घातला नाही. दोन दिवस बसून सगळं पेटीत भरलं आणि किल्ली भिमामामांकडं दिली. पुढं किटच्या दांड्या एकेक करून हरवल्या आणि मी बाजारातून आइस्क्रीमच्या काड्या आणल्या. पेटी मात्र मला आठवली नाही.

उघडली तर आत गठ्ठेच गठ्ठे, आणि तळाशी सुट्या काड्यांची एक पिशवी. तुरीच्या वाळक्या झाडांच्या बारीक काड्या, तुरकाट्या, एकसारख्या तोडलेल्या. प्रत्येक गठ्ठा दोऱ्यानं आवळलेला आणि प्रत्येकाला पुठ्ठ्याची चिठ्ठी. त्यावर अव्वाचं अक्षर, टपोरं, पहिलीच्या मुलाला वाचता यावं असं. 'गुंडाचे १२.' गुंडा आठवला. त्याच्या घरी टॉवेलच्या डझनाच्या घड्या घालून बांधायचं काम होतं. 'अनीशचे १०.' 'प्रभुचे ५.' आणि मग एकावर एक, कितीतरी : 'सुंदरम्माचे २५.' 'अंबूचे २५.' 'नागमणीचे २५.'

पंचवीस, पंचवीस, पंचवीस. मी एक गठ्ठा हातात घेऊन मोजला. बरोबर पंचवीस. दोऱ्याची गाठ मात्र आमच्यासारखी नव्हती. दोन वेढे देऊन टोक आत खोचलेलं, बिडीच्या बंडलाला असतं तसं.

बिड्यांचं बंडल पंचवीसचं असतं. त्याला त्या बायका कट्टा म्हणतात. सोलापुरात जन्म गेला, मला हे माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

आणि मग चाचणीचा दिवस आठवला. तोपर्यंत तो आठवायचा मी टाळलाच होता. श्रावणीपुढं मी त्रेसष्ट काड्या आणि दोरा ठेवला होता. म्हटलं होतं, गठ्ठे बांध आणि किती ते सांग. दहाचे बांध असं मी म्हणाले नव्हते. दहाचेच बांधायचे असतात. तिनं झपाट्यानं दोन जाडे गठ्ठे बांधले आणि तेरा काड्या सुट्या ठेवल्या. तोंडानं काही बोलली नाही. मी म्हणाले, "चुकलं. सोड." तिनं सोडले नाहीत. मी तीनदा सांगितलं. तिनं गठ्ठ्यांवर मूठ ठेवली. मग मी तिची बोटं बाजूला केली आणि दोन्ही गठ्ठे माझ्या हातानं सोडले. अडतीस मुलं बघत होती. मी शून्य लिहिलं आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

दोन वर्षांपूर्वी टेंभुर्णीच्या प्रशिक्षणात मी चाळीस मिनिटं बोलले होते. विषय होता, मुलाच्या घरातून वर्गात येणारं ज्ञान. या विषयावर मी पुष्कळ वाचलेलं आहे. टाळ्या बऱ्या पडल्या होत्या. अव्वाला घरी येऊन सांगितलं तर ती म्हणाली होती, "छान झालं. जेवलीस का?"

*

पाच वाजता मी श्रावणीच्या घरी गेले. गल्लीत मागाचा खडखडाट चालू होता. तिची आजी कमलम्मा उंबऱ्याशी सूप मांडीवर घेऊन बसली होती. तिचे हात थांबले नाहीत. पान, जर्दा, गुंडाळी, दोरा. श्रावणी शेजारी बसून वळलेल्या बिड्या गोळा करत होती. मला पाहिल्याबरोबर तिनं हात मागं घेतला आणि आत गेली.

"बसा की बाई," कमलम्मा म्हणाली, आणि लगेच, "ती वळत नाही हां. नुसती मोजती. तुमी लिहून-बिहून घ्याल की कुटं."

"लिहून घ्यायला नाही आले. मी गौरम्मा टीचरची मुलगी."

तिनं पहिल्यांदा हात थांबवले. माझ्याकडं नीट पाहिलं. "नाक तिचंच. टीचर गेली म्हणं?"

"हो."

"ती हितंच बसायची, तुमी बसला तितं. माझी सुंदरम्मा पहिलीत होती तवा. मला म्हणली, मला शिकवा. मी म्हणलं, टीचर, तुमाला कशाला? ऐकंना. चार दिवस आली. तिची बिडी अशी ढिली, अशी ढिली, वडली तर मधनंच गळायची." ती हसली. "सगळी गल्ली बघायला यायची. टीचरची बिडी बघायला चला म्हणून."

मला हे अव्वानं कधी सांगितलं नव्हतं. मी हसले बहुतेक. बरेच दिवसांत चेहऱ्याला सवय नव्हती.

मग मी चाचणीचं सांगितलं. कमलम्मा ऐकत राहिली आणि तिचं हसू गेलं.

"तुमी सोडला तिचा कट्टा?"

"हो."

"सगळ्यांसमोर?"

"हो."

तिनं सूप बाजूला ठेवलं. "बाई, आमी माल घेऊन बिडी कंपनीच्या ब्रँचला जातो. तितं चेकर बसतो. त्याला डाउट आला की तो कट्टा सोडतो. सगळ्या बायकांसमोर. चोवीस निघाल्या, न्हायतर बिडी खराब निघाली, की सगळा फेकतो. ज्या बाईचा कट्टा सोडला, ती चार दिवस मान वर करत न्हाय. ही माझ्याबरोबर येती की ब्रँचला. बघती सगळं." ती थांबली. "त्या दिवशी घरी आली ती रडतच. म्हणली, बाईनं माझा कट्टा सोडला. मी काय म्हणलं माहिताय? मी म्हणलं, चोवीसच बांधली असशील, रांडे. आणि एक ठेवून दिली पाठीत."

आतून श्रावणीचा आवाज आला. बारीक, पण स्पष्ट. "इरवै ऐदु."

पंचवीस. तेवढं तेलुगू मलाही येत होतं.

"चूक तिची नव्हती," मी म्हणाले. "माझी होती. उद्या सकाळी मी तिची चाचणी परत घेते, सरांसमोर. ती जशी मोजते तशीच मोजू दे. मी सांगेन सरांना, घरी कट्टे—"

"नको."

"का?"

"बिडीचं नाव नको शाळेत. माझ्या आईनं वळली, मी वळली, हिच्या आईनं, सुंदरम्मानं वळली, तिची छाती भरली आणि गेली. हिला मी कशाला पाठवती शाळेत? तितं पण तुमी बिडीच काढणार?"

टेंभुर्णीच्या भाषणात याचं काही नव्हतं. गल्लीतून एक टमटम गेली, धूळ बसली. मी म्हणाले, "अव्वानं तुमच्या सुंदरम्माचा गठ्ठा जपून ठेवलाय. तिनं बांधलेला. अजून आहे शाळेत. त्याच्यावर बिडी असं कुठं लिहिलेलं नाही. सुंदरम्माचे पंचवीस, एवढंच लिहिलंय."

कमलम्मानं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "सोडला न्हाय तो?"

"नाही. एकही सोडलेला नाही."

"मग तसं करा," ती म्हणाली. "श्रावणीचे पंचवीस म्हणा. आणि त्या कागदावरची माझी सही काढा. सर म्हणले फायदा हाय, म्हणून मी केली."

*

शनिवारी सकाळची शाळा. साडेसातला मी सुबोध सरांपुढं उभी राहिले आणि बिडीचं नाव न घेता चाचणीचं सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"बाई, तुमची मनःस्थिती मी समजू शकतो."

"मनःस्थितीचा प्रश्न नाही, सर. चाचणी चुकीची घेतली गेलीय."

"तुम्हीच घेतलीत."

"हो. तेच सांगतेय."

"आता खाडाखोड करायची तर लेखी द्यावं लागेल. चूक कुणाची, का झाली. फाइलला लागेल ते. वर्षअखेरीच्या अहवालात तुमच्या नावापुढं येईल."

"देते लेखी."

"आणि त्यांच्या घरचा बिडीचा विषय कागदावर नको. उद्या बालकामगार म्हणून चौकशी लागली तर मी काय सांगू?"

"नाही येणार कागदावर."

त्यांनी घड्याळाकडं पाहिलं. "माझ्यासमोर घ्या मग. आणि दहाचे गठ्ठे करता आले पाहिजेत. फॉर्मला दहाच आहेत."

श्रावणीला ऑफिसात बोलावलं. ती सरांच्या टेबलासमोर उभी राहिली, वेण्यांच्या रिबिनी चुरगळत. मी त्रेसष्ट तुरकाट्या आणि दोरा तिच्यापुढं ठेवला. म्हणाले, "तुझ्या पद्धतीनं बांध."

ती हलेना. एक मिनिट, दोन मिनिटं. सरांनी पेन टेबलावर ठेवलं. मग तिनं एकदम काड्या ओढल्या आणि बोटं चालायला लागली. मोजताना ती काड्यांकडं बघत नव्हती, खिडकीबाहेर बघत होती. दोन गठ्ठे बांधून झाले, दोरा आत खोचला, तेरा काड्या शेजारी ओळीनं लावल्या.

"त्रेसष्ट," ती म्हणाली. या वर्षात माझ्यासमोर उभं राहून ती बोललेला तो पहिला शब्द होता. मराठीत होता.

"बरोबर," सर म्हणाले. "आता दहाचे कर. हे सोड आणि दहा-दहाचे बांध बघू."

तिचा हात गठ्ठ्यांवर गेला. मूठ मिटली. तेच पुन्हा. सरांनी माझ्याकडं पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, फक्त, बघा, तुम्हीच लिहिलंय, सूचना समजत नाहीत.

मला समोरचं धड दिसेना. रात्री झोप झालेली नव्हती, महिनाभरच नव्हती. मला वाटलं, सही करून मोकळं व्हावं. मग पेटी डोळ्यांपुढं आली. इतके गठ्ठे का, हा प्रश्न मला आदल्या दिवशी पडलाच नव्हता. एका वर्गाला शंभर-सव्वाशे काड्या पुरतात. अव्वाकडं हजारो होत्या. ती दरवर्षी तुरी निघाल्या की अक्कलकोटच्या मावशीकडून पोतंभर तुरकाट्या आणायची, आणि आम्ही तिला हसायचो. मुलानं बांधलेला गठ्ठा सोडायचा नसेल, तर नव्या काड्या लागणारच.

"सोडायचे नाहीत, श्रावणी," मी म्हणाले. "ते तुझे आहेत. तसेच राहू देत."

मी वर्गात गेले, पेटीतून सुट्या तुरकाट्यांची पिशवी काढली, धावतच परत आले. त्रेसष्ट नव्या काड्या मोजून तिच्यापुढं ठेवल्या. एक दहाचा गठ्ठा बांधून दाखवला. "हे शाळेचे. असे कर."

तिनं माझ्या गठ्ठ्याकडं पाहिलं. तो उचलला, दाबून बघितला आणि चेहरा असा केला की सरांनाही हसू आलं. ढिला होता. तिनं तो सोडला, माझाच असल्यामुळं तिला काही वाटलं नसावं, आणि घट्ट बांधला. मग आणखी पाच. तीन काड्या सुट्या.

सर पुढं वाकले. "यात जास्त आहेत का त्यात?" दोन्ही ढिगांकडं बोट करून त्यांनी विचारलं.

श्रावणीनं आधी त्यांच्याकडं, मग माझ्याकडं पाहिलं. मोठ्या माणसानं असलं काय विचारावं, असं काहीसं.

"तेवढ्याच की," ती म्हणाली.

सरांनी यादी ओढली, तिच्या नावावर रेघ मारली आणि कागद माझ्याकडं सरकवला. मी रेघेशेजारी सही केली. मग वेगळ्या कागदावर लिहिलं : 'सूचना अपुरी दिल्यामुळे मूल्यमापन चुकले. चूक माझी आहे.' आणि खाली पूर्ण नाव, सिद्धेश्वरी वीरभद्रप्पा, आणि तारीख. श्रावणी वर्गात पळाली. जाताना तिनं आपले दोन गठ्ठे बरोबर नेले, शाळेचे सहा टेबलावरच राहिले.

"चला," सर म्हणाले. "चार राहिले. देतो नेऊन."

मी यादीकडं पाहिलं. चार नावं, चार शेरे. 'सूचना समजत नाहीत.' 'बोलत नाही.' 'लक्ष नाही.' 'सूचना समजत नाहीत.' सगळ्यांची चाचणी एकाच दिवशी झाली होती. सगळं अक्षर माझंच होतं.

"सर, ही आज देऊ नका."

"बाई."

"सोमवारपर्यंत द्या मला."

"साडेअकराला द्यायची आहे. केंद्रातून दोनदा फोन आलाय."

"मग मला साडेअकरापर्यंत द्या."

सर खुर्चीत मागं टेकले. भिंतीवरचं घड्याळ साडेआठ दाखवत होतं. मग कागद उचलून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि ड्रॉवर लावला. "अकरा," ते म्हणाले. "मला जायला अर्धा तास लागतो."

वर्गात मालतीबाई दोन्ही तुकड्या सांभाळत उभ्या होत्या. त्यांनी ओठांवर बोट ठेवून मुलांना आवाज बंदची खूण केली आणि शेजारच्या वर्गात गेल्या. श्रावणी पेटीजवळ होती. तिच्या हातात पुठ्ठ्याचा तुकडा होता आणि ती माझी वाट बघत होती. मी त्यावर लिहून दिलं, टपोरं, अव्वासारखं जमलं नाही. तिनं ते बोट ठेवून वाचलं, दोऱ्यात अडकवलं आणि दोन्ही गठ्ठे सुंदरम्माच्या गठ्ठ्याशेजारी ठेवले. तो कुणाचा, हे तिला मी सांगितलं नाही. तिला वाचता येत होतं.

पाय दुखत होते. पिशवीतल्या काड्या पुरतील का, याचा अंदाज येईना. मी खुर्ची बाजूला सरकवली, खाली मुलांच्या उंचीला बसले, आणि यादीतल्या दुसऱ्या मुलाला हाक मारली.

"महेश्वर, ये. तुमच्या घरी काय काय मोजतात रे?"